वर्दी ते फाटक: नव्या अग्निशमन केंद्रांच्या आराखड्याविषयी खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, अग्निशमन आणि आणीबाणी सेवा संचालनालय, पणजी
मा. मुख्य अभियंता, सार्वजनिक बांधकाम खाते, गोवा
मा. व्यवस्थापकीय संचालक, गोवा राज्य साधनसुविधा विकास महामंडळ

महोदय,

गोव्यात नवे अग्निशमन केंद्र मंजूर झाले की बातमीत दोन गोष्टी हमखास असतात: खर्चाचा आकडा आणि इमारतीच्या दर्शनी भागाचे रंगीत चित्र. वर्दी, म्हणजे आगीची किंवा अपघाताची खबर, आल्यापासून बंब फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या इमारतीत किती सेकंद जाणार, हे कुणी विचारत नाही. आमचे म्हणणे एवढेच की हा आकडा निविदेत लिहावा, आराखडा त्यावर तपासावा आणि इमारत ताब्यात घेताना तो मोजून पाहावा. बाकी जे खाली लिहिले आहे ते याच मागणीचा तपशील आहे.

आधी हिशेब. देशातील अग्निशमन सेवांच्या राष्ट्रीय पाहणीत शहरासाठी ५ ते ७ मिनिटे आणि ग्रामीण भागासाठी २० मिनिटे प्रतिसादाचा वेळ धरला आहे. पणजी-मडगावच्या रहदारीत सायरन वाजवतही बंबाला सरासरी ताशी ३० किलोमीटर वेग मिळाला असे धरू. म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. रस्त्यासाठी ५ मिनिटे हाती असली तर अडीच किलोमीटरची त्रिज्या, कागदावर सुमारे १९.६ चौरस किलोमीटर, आवाक्यात येते. इमारतीतच एक मिनिट जास्त गेले की त्रिज्या २ किलोमीटरवर येते आणि क्षेत्र १२.६ वर. एका जिन्यापायी आणि एका अडकणाऱ्या शटरपायी एक तृतीयांशाहून जास्त भाग हातचा गेला. तो परत मिळवायचा तर आणखी एक केंद्र बांधावे लागेल. अमेरिकेतील एनएफपीए १७१० या मानकात वर्दी कळल्यापासून गाडी हलेपर्यंत आगीसाठी ८० सेकंद दिले आहेत, पोशाख चढवण्यासकट. आपल्याकडे ९० धरा, पण धरा.

जागेबद्दल फार लिहीत नाही, कारण जागा अभियंत्याच्या हातात क्वचितच असते. शहर नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत (२०१४) २ लाख लोकसंख्येमागे एक केंद्र, निवासी सोयीसह १ हेक्टर, उपकेंद्राला ०.६ हेक्टर अशी तरतूद आहे. गोव्यात शहरालगत सलग एक हेक्टर सरकारी जमीन मिळणे कठीण. मग उरतो तो सखल, खाजनाला (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीला) किंवा नाल्याला लागून असलेला तुकडा. जोराच्या पावसात पणजीचा १८ जून रस्ता कसा तुंबतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि झाड पडले, भिंत कोसळली, वीजवाहिनी तुटली या वर्द्या नेमक्या त्याच वेळी येतात. म्हणून गाळ्याच्या, म्हणजे बंब उभा राहतो त्या जागेच्या, जमिनीची पातळी समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपेक्षा किमान ४५० मिलिमीटर वर हवी आणि जनरेटरचा चौथरा त्याहून उंच.

त्रिज्येची वर्तुळे नकाशावर काढताना नदी विसरता कामा नये. ओल्ड गोव्याहून दिवाडी बेट डोळ्यांसमोर दिसते, पण बंबाला फेरीबोटीची वाट पाहावी लागते. दुसरी गोष्ट दुभाजक. महामार्गालगतचे केंद्र नकाशावर छान दिसते, पण समोर सलग दुभाजक असला तर उलट दिशेच्या वर्दीसाठी बंब पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत येतो. केंद्रासमोर दुभाजकाला फट आणि दलाच्या वॉच रूममधून (वर्दी घेण्याच्या खोलीतून) लाल करता येणारा सिग्नल, या दोन्हींची मंजुरी इमारतीच्या मंजुरीसोबतच घ्यावी. इमारत उभी राहिल्यावर दुसऱ्या खात्याशी पत्रव्यवहार सुरू झाला की वर्षे जातात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजीत शिगमोची मिरवणूक असताना एकुलते एक फाटक कामाचे राहत नाही. दुसऱ्या रस्त्यावर उघडणारे फाटक हवेच.

आता गाळा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या कागदावर दिसत नाहीत.

४,५०० लिटरचा वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याचा नेहमीचा बंब, साधारण साडेआठ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असतो, आरसे धरून तीन मीटर. त्यामुळे गाळ्याची रुंदी ५ मीटर हवी. बाजूच्या लॉकरची शटर उघडून माणूस उभा राहिला तरी शेजारच्या गाडीला धक्का लागू नये, हा त्यामागचा हिशेब. लांबी किमान १२ मीटर, कारण मागून शिडी ओढायला २ मीटर मोकळे लागतात. पाण्याचा मोठा बाउझर किंवा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म (जवानांना उंच मजल्यांपर्यंत उचलणारी गाडी) येणार असेल तर एक गाळा १५ मीटरचा ठेवावा. आज गाडी नसली तरी ठेवावा. इमारत ५० वर्षे उभी राहते, गाडी १५ वर्षांनी बदलते आणि नवी गाडी जुनीपेक्षा लहान कधीच येत नाही.

दाराची मोकळी उंची साडेचार मीटर. 'मोकळी' हा शब्द निविदेत ठळक छापावा. आराखड्यात उंची स्लॅबच्या तळापर्यंत मोजतात, प्रत्यक्षात खाली तुळई येते, तुळईखाली शटरच्या गुंडाळीची पेटी येते, पेटीखाली वायरिंगचा पाइप येतो. कागदावरच्या ५ मीटरचे जागेवर ४.१ होतात. प्लॅटफॉर्मची गाडी चार मीटरच्या आसपास उंच असते, तिच्यावर दिव्यांची पट्टी. पहिल्याच दिवशी दिवा फुटतो आणि ती गाडी कायमची बाहेर, पावसात उभी राहते. एका गाळ्यात याहून जास्त उंची ठेवावी, म्हणजे इंजिनाच्या कामासाठी केबिन पुढे कलंडवता येईल.

शक्य असेल तिथे गाळे आरपार ठेवावेत: मागून आत, पुढून बाहेर. बंब उलटा घेताना मागे माणूस उभा करावा लागतो, आणि थकलेला चालक व रात्रीचा पाऊस यांत तो माणूस आणि खांब दोघेही धोक्यात येतात. यासाठी मागच्या अंगणात वळायला जागा लागते. उंच इमारतींच्या मालकांना आपण राष्ट्रीय इमारत संहिता दाखवतो, भोवती ६ मीटर मोकळा रस्ता आणि ४५ टन भार सोसणारी जमीन मागतो. दलाच्या स्वतःच्या आवाराला हाच नियम लावून पाहावा.

पुढचे अंगण किमान सर्वांत लांब गाडीएवढे, म्हणजे १२ ते १५ मीटर खोल. बंब गाळ्याबाहेर पूर्ण येऊन, रस्त्याला न लागता, क्षणभर थांबून दोन्ही बाजू पाहू शकला पाहिजे. इथे पेव्हर ब्लॉक नकोत. भरलेला टेंडर १६ टनांच्या घरात जातो, बाउझर २५ टनांवर, आणि चाके जागच्या जागी वळली की ब्लॉक सरकतात. पहिल्या पावसाळ्यातच खाली पाणी जाऊन दोन चरे पडतात. किमान २०० मिलिमीटर जाडीचे, डॉवेल सळ्यांनी जोडलेले काँक्रीट, दर्जा एम-३५, आणि वाटेतल्या प्रत्येक चेंबरला ईएचडी-३५ (अतिजड वाहनांच्या) वर्गाचे झाकण. गाळ्याच्या आतही काँक्रीटच, वर खरखरीत फिनिश. व्हिट्रिफाईड लादी आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट उद्घाटनाच्या फोटोत चमकतो आणि ओल्या बुटाखाली निसटतो. उतार १:१०० दाराकडे. धुण्याचे पाणी तीन कप्प्यांच्या तेल-विलगकातून जाऊ द्यावे. ते थेट गटारात गेले की डिझेल शेजारच्या विहिरीत आणि खाजनात पोचते. फेसाच्या सरावाचे पाणी तर वेगळ्या टाकीतच गोळा करावे.

दारांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: गुंडाळते शटर नको. ते सावकाश उठते, चालकाला ते पूर्ण वर गेले की नाही हे नीट दिसत नाही, आणि अर्धवट उठलेल्या शटरला शिडी अडकते. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर त्याच्या स्प्रिंगा आणि बाजूचे रूळ खाऱ्या हवेने गंजतात. बाजूला घडी होणारी चार पाखांची दारे साधारण सात-आठ सेकंदांत उघडतात आणि उघडी आहेत की बंद हे चालकाच्या डोळ्यांसमोर असते. वीज गेली तर एका माणसाने हाताने ढकलून उघडतील अशी सोय सक्तीची. बिजागऱ्या आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, चौकट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली. नुसता लाल रंग मारलेले लोखंड इथे टिकत नाही, हे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांना आम्ही सांगायला नको.

पावसाचे काय? वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, आणि तोही नैर्ऋत्येकडून वाऱ्यासह तिरका. साडेचार मीटर उंच तोंडावर ४५ अंशांत येणारा पाऊस अडवायला साडेचार मीटरची पडवी लागेल, आणि ती कुणी बांधणार नाही. त्यामुळे गाळ्यांची तोंडे पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला नसावीत. रस्ताच तिकडे असला तर त्या बाजूला चिऱ्याची आडभिंत घ्यावी. छप्पर पहिल्यापासून उतरते असावे. सपाट स्लॅब घालायचा, तो तिसऱ्या वर्षी गळायचा आणि मग त्यावर पत्र्यांचा सांगाडा चढवायचा, हा गोव्यातला नेहमीचा क्रम आहे. तेवढा खर्च सुरुवातीलाच करा.

आता एक छोटी वस्तू, जी गोव्यात कुठल्याही नव्या केंद्राच्या अंदाजपत्रकात आधी शोधावी: प्रत्येक गाळ्यात हवेची नळी. मोठ्या गाडीचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतला दाब हळूहळू उतरतो, आणि दाब पाच-सहा बारपर्यंत चढेपर्यंत मागचे स्प्रिंग ब्रेक सुटत नाहीत. चालक स्टार्टर मारतो, इंजिन गुरगुरते, गाडी जागची हलत नाही. यावर उपाय म्हणून दर पाळीला इंजिन चालू ठेवून दाब भरला जातो, आणि गाळा डिझेलच्या धुराने भरतो. छतावरून लोंबणारी, कोरड्या हवेची ८ बारची नळी आणि बॅटरी चार्जरची वायर, दोन्ही गाडी पुढे सरकताच आपोआप सुटणाऱ्या जोडणीच्या, बसवल्या की वेळही वाचतो आणि धूरही कमी होतो. करोडोंच्या इमारतीत हा खर्च किरकोळ आहे.

धूर हा नुसता त्रास नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०२२ मध्ये अग्निशमन जवानांच्या कामालाच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. त्यानंतर जगभर केंद्रांचे नकाशे बदलले. इमारतीचे तीन पट्टे करतात: मळका, मधला, स्वच्छ. आगीवरून आलेला जवान बाहेरच, अंगणात, पाण्याने पोशाख धुतो. मग बाहेरूनच उघडणाऱ्या खोलीत तो उतरवून पिशवीत बंद करतो, तिथून स्नानगृह, आणि दुसऱ्या दाराने स्वच्छ कपड्यांत राहत्या भागात. काजळी लागलेला कोट खांद्यावर टाकून स्वयंपाकघरातून जाण्याची वाटच नकाशात नसली पाहिजे. गाळा आणि राहता भाग यांच्यामध्ये दोन दारांची लहान खोली हवी, आणि राहत्या भागात हवेचा दाब किंचित जास्त. पोशाखांचे लॉकर गाळ्याच्या भिंतीला लावू नयेत. तिथे रोज डिझेलची काजळी बसते. वेगळी खोली, जाळीचे लॉकर, खालून हवा आत आणि वरून बाहेर. पिळर्णच्या रंगाच्या कारखान्याची जानेवारी २०२३ मधली आग आठवा. रसायनांच्या धुरात तासन्‌तास काम करून आलेले पोशाख धुवायला आणि वाळवायला जागा कुठे होती, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचे आम्ही वाचले नाही. धुण्याचे औद्योगिक यंत्र, प्रत्येकाला दुसरा जोड, आणि पावसाळ्यासाठी वाळवणखोली: एक्झॉस्ट पंखा आणि डीह्यूमिडिफायर (हवेतली ओल शोषणारे यंत्र). उन्हात वाळत घालू नये. अतिनील किरणांनी पोशाखातला अरामिडचा (आगीला टिकणारा कृत्रिम) धागा कमकुवत होतो.

श्वसनसंचाचे सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा कुठून घेतली जाते, तेही पाहावे. तोंड गाळ्याच्या किंवा जनरेटरच्या बाजूला असले तर ३०० बारने भरलेल्या प्रत्येक सिलिंडरात तोच धूर थोडा थोडा जातो.

झोपायच्या खोल्या तळमजल्यावर, गाळ्यांच्या बाजूला. वर नकोत. गाळ्याच्या वरचा मजला साधा मजला नसतो. साडेपाच मीटर उंची, म्हणजे १५० मिलिमीटरच्या ३६-३७ पायऱ्या, आणि त्या झोपेतून उठून, अंधारात, धावत. घसरखांब १८७८ मध्ये शिकागोत याच अडचणीतून जन्माला आला. त्याने घोटेही मोडले आणि खांबाच्या भोकातून धूर वर गेला तो वेगळाच. वर कार्यालय, वर्गखोली आणि सभागृह घाला. अंथरुणापासून पोशाखापर्यंत आणि पोशाखापासून गाडीच्या पायरीपर्यंतची वाट ३० मीटरच्या आत असावी, वाटेत दोनहून अधिक वळणे आणि आत ओढून उघडायचे दार नसावे. स्नानगृहे व विश्रांतीच्या खोल्या लहान, स्वतंत्र कडीच्या ठेवाव्यात, म्हणजे महिला जवान आल्या की मोडतोड करावी लागत नाही. वर्दीच्या घंटेचा आवाज हळू सुरू होऊन चढणारा हवा आणि दिवे मंद लाल. एकदम भोंगा आणि पांढरा उजेड आला की हृदयावर ताण येतो आणि डोळे रात्रीच्या रस्त्याला तयार नसतात. त्याच घंटेने शेगडीचा गॅस बंद व्हावा. आगीवर गेलेल्या दलाच्या स्वयंपाकघरात माशांचे हुमण करपून आग लागली, ही बातमी कुणालाच वाचायची नाही.

वॉच रूममधून गाळे आणि रस्ता दोन्ही दिसले पाहिजेत. बाकी तिथे यूपीएस आणि वीजरोधक असला की पुरे.

होज टॉवरवर, म्हणजे पाणी मारायच्या नळ्या (होज) टांगून वाळवण्याच्या मनोऱ्यावर, मतभेद आहेत. १५ मीटरचा होज मधोमध दुमडून टांगायला ८ ते ९ मीटर उंची पुरते, आणि तोच मनोरा बाहेरून सरावाचा मनोरा म्हणून वापरता येतो, हा त्याच्या बाजूचा मुद्दा. पण जून ते सप्टेंबरमध्ये उघड्या मनोऱ्यात होज वाळत नाही, नुसता लटकतो, आणि सुती विणीच्या होजला बुरशी धरते. मनोरा बांधायचाच तर तळाशी पंखा, माथ्यावर झरोके आणि पावसाकडची बाजू बंद ठेवा. पैसे कमी असतील तर वाळवणीचे कपाट घ्या आणि सरावाचा मनोरा वेगळा, जमिनीपासून १०.५ मीटरची शिडी लावता येईल एवढा.

पाणी. रिकामा टेंडर परत आला की तो ५ मिनिटांत भरून निघाला पाहिजे, म्हणजे मिनिटाला ९०० लिटर. इंची नळातून मिनिटाला ५० लिटर मिळाले तर दीड तास लागेल. उंच टाकी, तिथून १५० मिलिमीटरची थेट वाहिनी, अंगणात छपराखाली भरण्याचे तोंड, आणि खाली किमान १ लाख लिटरची टाकी. ६०० चौरस मीटर छपरावर वर्षाला साधारण १४ लाख लिटर पाणी गोळा होऊ शकते. सराव आणि गाड्या धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरायची गरज नाही.

संरचनेबद्दल दोनच गोष्टी. भारतीय मानक आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार अग्निशमन केंद्र ही महत्त्वाची इमारत आहे, महत्त्व गुणांक १.५ (म्हणजे भूकंपाचा भार दीडपट धरायचा), आणि गोवा तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतो. खाली सगळी दारेच दारे आणि वर भरलेल्या भिंती, अशी इमारत धक्क्यात खालूनच झुकते. चौकट थोडी तिरकी झाली तरी दार अडकते आणि बंब आत कोंडला जातो. गाळ्यांच्या दोन टोकांना काँक्रीटच्या भिंती हव्यात. दुसरे, आयएस ४५६ नुसार किनारी हवेत सळ्यांवर ४५ मिलिमीटर आवरण आणि किमान एम-३०. ढलाईच्या आधी कव्हर ब्लॉक (हे आवरण राखणारे ठोकळे) स्वतः मोजून घ्यावेत.

दर्शनी भागावर अॅल्युमिनियम कंपोझिट पत्रे लावू नयेत. पॉलिथिलीन गाभ्याचे पत्रे पेट घेतात, आणि ते अग्निशमन केंद्रालाच लावलेले पाहणे फार झाले. चिरा, कौल आणि खोल पडवी पुरेशी शोभून दिसते.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडेच्या नाईटक्लबच्या आगीत २५ जणांचा बळी गेला, आणि अरुंद वाटांवर खूप चर्चा झाली. पणजीतले जुने फोंताइनश, म्हापशाची बाजारपेठ, किनारपट्टीवरचे वाडे इथे मोठा बंब पोचणार नाही हे गृहीत धरूनच गाळे आखावेत: प्रत्येक केंद्रात लहान टेंडर आणि मोटारसायकलींसाठी एक गाळा, तोही फाटकाच्या सर्वांत जवळचा.

आराखडा नक्की करण्यापूर्वी जागेवर चुना आणि दोरीने पूर्ण मापात गाळे, खांब, दारे आखावीत आणि दलाच्या चालकांकडून प्रत्यक्ष बंब त्यातून चालवून घ्यावा. ज्या खांबापाशी चालक कचरतो तो खांब हलवावा. त्यावर चालकांची सही घेऊनच निविदा काढावी. ताबा घेताना चाचणी जुलैमध्ये, रात्री, मुख्य वीज बंद करून घ्यावी: आगाऊ सूचना न देता वर्दी, दार, पोशाख, ब्रेकचा दाब, फाटक, रस्ता. तीन वेळा ९० सेकंदांच्या आत बंब बाहेर पडला नाही तर अनामत रक्कम सोडू नये.

पुढच्या केंद्राचे आराखडे निविदेपूर्वी १५ दिवस संकेतस्थळावर ठेवावेत. खुणा करून आणि मापे लिहून परत पाठवण्याचे काम आम्ही विनामूल्य करू.

आपले,
वास्तुरचना, संरचना आणि अग्निसुरक्षा या कामांतील काही गोमंतकीय